नाव खोडल्याने नोंद सुरक्षित होत नाही

रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय संशोधनाला द्याव्यात की नाही, या वादात सध्या एक मत फार आत्मविश्वासाने मांडले जाते. नोंदीतून नाव, पत्ता, आधार क्रमांक आणि मोबाइल नंबर काढून टाका, उरलेली माहिती निनावी होते, आणि ती विद्यापीठांना, संस्थांना, कंपन्यांना खुशाल द्या, असे हे मत आहे. संमती, पहारे आणि परवानग्या यांत वेळ घालवला तर गरीब रुग्णाचेच नुकसान होते, असे ते पुढे सांगते. हे मत पटकन पटते, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. नोंदींतून संशोधन झालेच पाहिजे आणि ते लवकर झाले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उरलेला अर्धा भाग मात्र चुकीचा आहे. तो किती चुकीचा आहे, हे मुंबई-पुण्याच्या हजार खाटांच्या रुग्णालयातून दिसत नाही, दरेकसासारख्या गावातून दिसते.

दरेकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातले, हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरचे, छत्तीसगडच्या सीमेला लागलेले गाव. भोवती जंगल आहे, आणि मुरकुटडोह-दंडारीसारख्या आडवाटेच्या वस्त्या आहेत. येथे गोंडी, छत्तीसगडी, हिंदी आणि झाडीबोली कानावर पडतात. विदर्भाच्या या पूर्व पट्ट्यात हिवताप आणि सिकलसेल हे दोन आजार पिढ्यान् पिढ्या आहेत, आणि त्यांचे नातेही जुने आहे. सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या वाहकाला फॅल्सिपेरम हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या प्रदेशात हे जनुक टिकून राहिले. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते.

अशा भागातल्या नोंदी संशोधनासाठी सोन्याच्या मोलाच्या आहेत. राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार आटोक्यात आणायचा, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीचा आकडा सहा कोटींच्या पुढे गेल्याचे सरकार सांगते. महाराष्ट्रात तर सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम त्याच्याही बऱ्याच आधीपासून चालू आहे. म्हणजे देशातल्या कोट्यवधी माणसांच्या, त्यातही मुख्यतः आदिवासींच्या, रक्ताची नोंद आज सरकारी संगणकांवर आहे. या नोंदींचे काय करायचे, हा प्रश्न आजचा आहे.

आता निनावीपणाचा दावा तपासू. आदिवासी भागात साधारण तीन हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. तपासणीतल्या ४० वर्षांच्या वयोगटात जन्मतारखा होतात सुमारे १४,६००. स्त्री आणि पुरुष वेगळे धरले तर जोड्या होतात २९ हजारांवर. तीन हजार माणसे या २९ हजार घरांत वाटली, तर बहुतेक माणूस आपापल्या घरात एकटाच सापडतो. म्हणजे उपकेंद्राचे नाव, जन्मतारीख आणि लिंग एवढे तीन रकाने ठेवले, की नाव खोडूनही माणूस ओळखता येतो. यावर कोणी म्हणेल, की खेड्यातल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून असते. जुन्या पिढीपुरते ते ठीक. आज दवाखान्यात जन्मणाऱ्या बाळाची तारीख अचूक नोंदली जाते, आणि सिकलसेलच्या तपासणीत ही पिढीही आहे.

त्यात आजाराचा रकाना जोडा. एका वस्तीत सिकलसेलग्रस्त असे किती असणार? एखादा, दोन, फार तर चार. वारंवार सांधे दुखणारी, रक्त चढवायला गोंदियाला न्यावी लागणारी, दहावीतून शाळा सुटलेली मुलगी म्हटले, की ती कोण हे आशाताईलाच नव्हे, साऱ्या वस्तीला कळते. अमेरिकेत १९९० च्या दशकात लतान्या स्वीनी या संशोधिकेने मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची ‘निनावी’ रुग्णालयीन नोंद पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग यांच्या आधारे, मतदारयादीशी ताडून शोधून काढली होती. एका राज्याच्या गव्हर्नराची ही गत होत असेल, तर पन्नास घरांच्या टोल्यावरच्या मुलीचे नाव खोडून तिला कोणते संरक्षण मिळाले?

सिकलसेलच्या बाबतीत गोष्ट आणखी पुढे जाते. हा आनुवंशिक आजार आहे. मुलाचा अहवाल हा आई आणि बाप दोघांच्याही रक्ताचा अहवाल असतो. मूल ग्रस्त असेल तर बहुतेक वेळा दोघेही किमान वाहक असतात. बापाची तपासणी वेगळे काही सांगत असेल, तर त्या नोंदीत एक संसार मोडण्याची ताकद असते. एका माणसाने दिलेली माहिती त्याच्या भावंडांना, चुलतभावंडांना, अजून न जन्मलेल्या नातवंडांनाही लागू होते. एका माणसाचे नाव खोडल्याने एवढ्या सगळ्यांची ओळख झाकली गेली, हे म्हणणे विज्ञानाला धरून नाही.

दुसरा युक्तिवाद मला अधिक दुखावतो. गोपनीयता ही शहरातल्या सुखवस्तूंची चैन आहे, खेड्यात सगळ्यांना सगळ्यांचे माहीत असते, गरिबाला गोपनीयता नको, उपचार हवेत, असे म्हटले जाते. हे म्हणणाऱ्यांनी लग्नाच्या वयाची मुलगी घरात असलेल्या आईला एकदा विचारावे. सिकलसेलच्या कार्यक्रमात रंगांची कार्डे दिली जातात आणि लग्नाआधी कार्डे जुळवून पाहा असा सल्ला दिला जातो. वैद्यकीयदृष्ट्या तो योग्यच आहे. पण वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे समजावण्याआधीच कार्डाचा रंग सोयरिकीच्या बैठकीत पोहोचतो आणि त्याची किंमत मुलीच्याच पदरात पडते. गावाला कुजबुजीतून काही कळणे वेगळे. कुजबुज विरते आणि नाकारताही येते. संगणकातली नोंद विरत नाही. ती उद्या विमा कंपनीच्या, नोकरी देणाऱ्याच्या किंवा कर्ज देणाऱ्याच्या हाती गेली, तर दरेकसा परिसरातल्या मजुराला त्याविरुद्ध दाद मागायला ना पैसा आहे ना वकील. ज्याच्याकडे सावरण्याची साधने कमी, त्याला संरक्षण जास्त लागते. ‘गरिबाला गोपनीयता नको’ हे गरिबाचे मत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्यांनी ठरवलेले मत आहे.

शिवाय या भागात यादी या गोष्टीला इतिहास आहे. कित्येक वर्षे बातम्यांत दरेकसाचे नाव आले ते नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीच्या, म्हणजे दलमच्या, नावातून. ज्या माणसांनी एका बाजूला दलम आणि दुसऱ्या बाजूला पोलीस पाहिले आहेत, त्यांच्या घरी कोणी वही घेऊन येतो, नाव विचारतो, रक्त घेतो, तेव्हा हे कुठे जाणार हा प्रश्न त्यांच्या मनात येणारच. त्याला अडाणीपणा म्हणू नये, ते अनुभवाचे शहाणपण आहे. २०२० मध्ये कोरोनाबाधितांच्या नावांच्या याद्या अनेक ठिकाणी व्हॉट्सअॅप गटांवर फिरल्या, तेव्हा शहरातल्या सुशिक्षितांनाही या भीतीची चव कळली. भीतीचा पहिला परिणाम नोंदीवरच होतो. लोक चुकीचा मोबाइल नंबर देतात, तपासणीच्या दिवशी शेतावर निघून जातात, सीमा ओलांडून डोंगरगडच्या बाजूला उपचार घेतात. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? विश्वास गमावलेल्या नोंदींतून निघालेले संशोधनही चुकीचेच असणार.

तिसरा युक्तिवाद कायद्याचा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याच्या कलम १७ मध्ये संशोधन आणि सांख्यिकी यांना सूट आहे, मग अडचण कसली, असे विचारले जाते. पण त्या सुटीला अटी आहेत. त्या माहितीवरून कोणा विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घेता येत नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळावी लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत ही मानके दिली आहेत: माहिती आवश्यक तेवढीच, ठरलेल्या हेतूपुरतीच आणि वाजवी सुरक्षेसह वापरायची. म्हणजे जी सूट ढाल म्हणून पुढे केली जाते, तीच सुरक्षेची मागणी करते. कायद्यात उणिवाही आहेत. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ वर्गात ठेवली होती, नव्या कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. कागदावरच्या नोंदी संगणकात चढेपर्यंत या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत आजही रजिस्टरे आहेत. समाज म्हणून होणारी हानी तर कायद्याला दिसतच नाही. म्हणून ‘कायद्याने अडत नाही’ एवढ्याने प्रश्न मिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो गोंदिया जिल्ह्यालाही लागू आहे.

समाजाची हानी म्हणजे काय, हे हवासुपाई या अमेरिकी आदिवासींनी भोगले आहे. अॅरिझोनातल्या ग्रँड कॅनियनमध्ये राहणाऱ्या या जमातीचे रक्त १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी घेतले गेले. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया आणि जमातीचे मूळ स्थलांतर यांच्या अभ्यासांत, त्यांना न सांगता वापरले गेले. आपला उगम या दरीतच झाला अशी त्यांची श्रद्धा. त्यांचेच रक्त त्या श्रद्धेविरुद्ध साक्षीला उभे केले गेले. २०१० मध्ये अॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या वतीने जमातीच्या सदस्यांना सात लाख डॉलर देण्याची तडजोड झाली आणि नमुने परत करावे लागले. दरेकसाजवळच कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड भाविक तेथे येतात, कारण त्यांच्या परंपरेत ते आपल्या उगमाचे स्थान आहे. सिकलसेलसाठी घेतलेल्या रक्ताच्या नोंदी उद्या कोणी ‘गोंडांचे मूळ’ शोधायला वापरल्या, तर त्यात एकाही व्यक्तीचे नाव असणार नाही, आणि तरीही साऱ्या समाजाचा विश्वासघात झालेला असेल. निनावीपणाच्या समर्थकांकडे याला उत्तर नाही.

चौथा युक्तिवाद सर्वांत वजनदार आहे: प्रत्येकाची संमती घेत बसलो तर संशोधन कधीच होणार नाही. दहा वर्षांपूर्वीच्या केसपेपरमागचा माणूस शोधून त्याची सही आणणे बहुधा अशक्य असते, हे मला मान्य आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांनाही ते मान्य आहे. योग्य परिस्थितीत नीतिशास्त्र समिती संमतीची अट शिथिल करू शकते. पण ही शिथिलता कडेकोट व्यवस्थेच्या बदल्यात मिळायला हवी. संमतीही नाही आणि व्यवस्थाही नाही, असे झाले की काय होते, हे आपण जवळून पाहिले आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे २००९-१० मध्ये झालेल्या एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. त्या गोंधळाची झळ एचपीव्ही लसीलाच पुढे अनेक वर्षे बसली. घाई केल्याने वेळ वाचला नाही, विज्ञानाची वर्षे गेली.

इंग्लंडनेही हाच धडा घेतला. तेथील ‘केअर डॉट डेटा’ योजनेत साऱ्या देशातल्या डॉक्टरांकडच्या नोंदी एका ठिकाणी गोळा करून त्या बाहेरच्यांना पुरवायच्या होत्या. लोकांना नीट सांगितले गेले नाही, कंपन्यांना काय मिळणार हे स्पष्ट नव्हते. दहा लाखांहून अधिक लोकांनी आपली माहिती देण्यास नकार नोंदवला आणि २०१६ मध्ये योजना गुंडाळली गेली. त्याच देशात २०२० च्या साथीत ‘ओपनसेफली’ उभे राहिले. येथे नोंदी जागच्या हलल्या नाहीत. संशोधकाने बनावट माहितीवर आपला संगणकीय कार्यक्रम लिहून पाठवायचा, तो नोंदी असलेल्या सुरक्षित ठिकाणी चालवला जायचा आणि बाहेर यायचे ते फक्त एकत्रित तक्ते. कोणी काय विचारले याची नोंद जाहीर. या पद्धतीने एक कोटी ७२ लाख प्रौढांच्या नोंदींवरून कोविडमृत्यूचा धोका कोणाला अधिक आहे, याचा अभ्यास काही महिन्यांत ‘नेचर’मध्ये छापून आला. सुरक्षेमुळे संशोधन रखडते, या म्हणण्याला यापेक्षा सज्जड उत्तर काय असू शकते? सैल योजना बुडाली, कडक योजना वेगाने धावली.

येथे संशोधकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाव खोडून वाटलेल्या फायली संशोधनालाच निकामी असतात. दरेकसा परिसरातले मूल आज प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासले जाते, उद्या रक्तासाठी गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाते, अवघड झाले की नागपूरला आणि कधी सीमेपलीकडे राजनांदगावला. चारही ठिकाणची नावे खोडली, तर हे चार कागद एकाच मुलाचे आहेत हे कधी कळणार नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू केल्यावर त्याला चढवावे लागणारे रक्त कमी झाले का, या साध्या प्रश्नाचेही उत्तर मिळणार नाही. ओळख शाबूत ठेवून, ती फक्त सुरक्षित ठिकाणाच्या आत वापरून नोंदी जोडता आल्या, तरच हे शक्य आहे. म्हणजे जी व्यवस्था रुग्णाला जपते, तीच संशोधकाला अधिक देते.

दुसऱ्या टोकाचे मित्र म्हणतील, एवढा धोका आहे तर नोंदींना कुलूपच लावा. त्यांचेही चुकते. भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असे दीर्घकाळ मानले जात होते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीनशेहून अधिक मुलांच्या नोंदींचा मागोवा घेणारा अभ्यास २०१२ मध्ये ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला आणि मध्य भारतातल्या मुलांत हा आजार किती तीव्र असू शकतो, हे समोर आले. ते केसपेपर कुलपात राहिले असते, तर विदर्भातल्या मुलांचे दुखणे ‘सौम्य’च ठरत राहिले असते. गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या स्त्रियांच्या तपासणीवरून डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले, की ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. न मोजलेले दुःख धोरणाला दिसत नाही. पण गडचिरोलीनेच दुसरीही गोष्ट शिकवली. सिकलसेलवरच्या आपल्या सुरुवातीच्या अभ्यासाबद्दल डॉ. अभय बंग यांनी स्वतः सांगितले आहे, की आजार सापडला, पण लोकांच्या दृष्टीने तो त्यांचा पहिला प्रश्न नव्हता. संशोधन लोकांवर करायचे, की लोकांसोबत, हा प्रश्न तेथून सुरू होतो.

मग करायचे काय? राज्याने सिकलसेलच्या नोंदींसाठी एकच सुरक्षित संशोधनकक्ष उभारावा. चंद्रपूरला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे रक्तविकारांवरचे केंद्र आहे, नागपूर-गोंदियाला वैद्यकीय महाविद्यालये आहेत, माणसे आणि ज्ञान जवळच आहे. नोंदी तेथून बाहेर जाणार नाहीत, संशोधकाचा प्रश्न आत जाईल. लहान वस्त्यांचे आकडे स्वतंत्र छापले जाणार नाहीत, ते तालुक्याच्या पातळीवर एकत्र केले जातील. कोणत्या संस्थेला, कशासाठी, कधी परवानगी दिली, याची यादी मराठीत जाहीर राहील. हेतू बदलला तर परवानगी नव्याने घ्यावी लागेल. पोलीस, विमा आणि जाहिरात यांना या कक्षाचे दार बंद राहील, आणि ते आश्वासन म्हणून नव्हे, लेखी नियम म्हणून.

हे सारे वरच्या पातळीवर झाले आणि खाली रजिस्टरच्या पानाचा फोटो मोबाइलवरून फिरत राहिला, एकच पासवर्ड साऱ्या केंद्राने वापरला, तर काही उपयोग नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्यानंतर दिल्लीच्या एम्सचे संगणक जवळपास दोन आठवडे कोलमडले होते. देशातल्या अग्रगण्य संस्थेची ही स्थिती, तर तालुक्याच्या ठिकाणी काय असेल? नर्सबाई, लॅब टेक्निशियन आणि आशाताई यांना सुरक्षित उपकरण आणि प्रशिक्षण द्या. उद्दिष्टाचे आकडे मागताना नावासकट याद्या मागणे वरिष्ठांनी बंद करावे.

आणि गावाला विचारा. गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नाही, म्हणून पेसा कायद्याने मिळणारे बळ येथल्या ग्रामसभांना नाही. पण या जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी सामूहिक वनहक्क मिळवून जंगल सांभाळून दाखवले आहे. जी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार समजून घेऊ शकते, तिला आपल्या रक्ताच्या नोंदींचा व्यवहारही समजतो. अभ्यास सुरू होण्याआधी तिला गोंडीत, छत्तीसगडीत सांगा, नकार देण्याचा मार्ग ठेवा आणि निष्कर्ष निघाले की आधी तिच्यापुढे मांडा. अभ्यासातून औषध किंवा चाचणी निघाली, तर ती दरेकसाच्या केंद्रात फुकट मिळेल हे करारात लिहा.

गोंदिया जिल्हा परिषद, राज्याचा आरोग्य विभाग आणि वैद्यकीय महाविद्यालये यांना माझी मागणी साधी आहे. नाव खोडून फायली वाटण्याचा रस्ता आजच बंद करा आणि सुरक्षित कक्षाचा रस्ता याच अभियानाच्या काळात उघडा. संशोधकांनो, जी माहिती तुम्ही स्वतःच्या मुलीबद्दल अशा फायलीत जाऊ देणार नाही, ती दरेकसाच्या मुलीबद्दलही मागू नका. आणि वाचकहो, पुढच्या वेळी दवाखान्यात केसपेपर काढाल किंवा आरोग्य खात्याचा क्रमांक घ्याल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: ही नोंद कोण वाचणार आणि कशासाठी? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, कारण तो प्रश्न विचारण्याचा हक्क तुमचा आहे.